भीड भिकेची बहीण

आमच्या इंदूरच्या जुन्या मराठी घरांत 'नाही' हा शब्द फारसा कानी पडत नाही. कोणी जेवायला बोलावले आणि जाणे जमण्यासारखे नसले, तर आपण 'बघतो', 'येण्याचा प्रयत्न करतो' असे म्हणतो. बोलावणाऱ्यालाही त्याचा अर्थ नेमका कळतो आणि तो आपले पान मांडीत नाही. होळकर दरबाराच्या आश्रयाने चार-सहा पिढ्या येथे नांदलेल्या घराण्यांनी बोलण्याची ही रीत दागिन्यासारखी जपली आहे. अहिल्याबाईंनी राज्य श्रीशंकराला वाहिले आणि पुढेही संस्थानचे हुकूम श्रीशंकराच्याच नावाने निघत राहिले. राज्यकर्ताच जेथे 'मी' म्हणण्यास संकोचे, तेथे कचेरीतल्या कारकुनाने 'मला हे पटत नाही' असे म्हणावे कसे? १९४८ साली संस्थान मध्य भारतात विलीन झाले, १९५६ साली मध्य प्रदेश झाला. कचेऱ्या गेल्या, पगड्या गेल्या, पण जिभेचे ते वळण राहिले. माझ्या जिभेलाही ते आहे.

त्या वळणाची किंमत मला एकदा चांगलीच मोजावी लागली. ती हकीकत सांगायचे कारण असे की, तिच्यात इस्रायलहून आलेली तीन माणसे आहेत. आणि त्यांतला एक मला वाटला होता तितका परका निघाला नाही.

भारताने इस्रायलला १७ सप्टेंबर १९५० रोजी मान्यता दिली, तरी पूर्ण राजनैतिक संबंध जुळायला २९ जानेवारी १९९२ हा दिवस उजाडावा लागला. त्यानंतर पाच-सहा वर्षांतली ही गोष्ट. पीथमपूरच्या एका लहानशा कारखान्यात मी पत्रव्यवहार आणि करारमदार पाहत असे. आमच्याकडे प्लॅस्टिकचे नळ आणि त्यांचे जोड होत. ठिबक सिंचनाचा बोलबाला तेव्हा निमाडातल्या कापूस-मिरचीच्या शेतांपर्यंत पोचला होता. हे तंत्र मुळात सिम्खा ब्लास या पाणीतज्ज्ञाचे. नळीतल्या पाण्याला नागमोडी वाटेने फिरवून त्याचा वेग मोडायचा आणि ते थेंब-थेंब बाहेर काढायचे, ही त्याची युक्ती. नेगेव वाळवंटातल्या हात्झेरिम या किब्बुत्झने, म्हणजे सामुदायिक वसाहतीने, १९६५ साली ब्लासशी करार करून तिचा कारखाना काढला. छिद्रे इतकी बारीक असतात की पाण्यात गाळ आला की बुजलीच. म्हणून गाळणीला फार महत्त्व. त्या गाळणीची बाहेरची टोपणे आमच्याकडून करून घ्यावीत, असा एका इस्रायली कंपनीचा विचार होता आणि त्यासाठी ही तीन माणसे आली होती. एक पन्नाशीचे संचालक, एक पंचविशी-सव्विशीची इंजिनिअर मुलगी, आणि साचे तपासणारा एक सावळा, अबोल, वयस्क तंत्रज्ञ.

शेठजींनी आपल्या रीतीप्रमाणे हारतुरे, नारळ, पोहे-जिलबी अशी सगळी सिद्धता केली होती. संचालकमहाशय आले ते अर्ध्या बाह्यांच्या सदऱ्यात, गळ्याला टाय नाही. स्वतःची खुर्ची स्वतः ओढून बसले आणि आमच्या सत्तरीतल्या शेठजींना त्यांच्या पाळण्यातल्या नावाने हाक मारू लागले. शेठजींना त्या नावाने हाक मारणारी त्यांची आई जाऊनही वीस वर्षे झाली होती!

पुढे तर कहरच झाला. संचालक पाण्याच्या दाबाचे काही आकडे सांगत होते, तोच ती मुलगी मध्येच म्हणाली, "हे चूक आहे. तुम्ही मागच्या वर्षीचे आकडे सांगता आहात." आम्ही सगळ्यांनी माना खाली घातल्या. आता या मुलीची नोकरी गेली, असे मला वाटले. पण संचालकांनी कागद पुढे ओढला, दोघांनी दहा मिनिटे आवाज चढवून वाद घातला, शेवटी मुलीचे बरोबर ठरले, आणि दोघे एकाच ताटलीतली जिलबी मोडून खाऊ लागले. आमच्या फोरमनने माझ्या कानाशी लागून विचारले, "यांचे भांडण मिटले का हो?" ते भांडण नव्हते हे मला फार उशिरा कळले.

मग मुख्य प्रश्न आला. पहिला माल कधी? शेठजी म्हणाले, "दिवाळीपूर्वी." मी फोरमनकडे वळून मराठीत हळूच म्हटले, "अहो, राजकोटचे साचे अजून सुरूसुद्धा झालेले नाहीत. संक्रांतीआधी काही व्हायचे नाही." फोरमन म्हणाला, "ठाऊक आहे. पण आता बोलू नका. पाहुण्यांसमोर शेठजींचा शब्द जाईल." मी गप्प बसलो. त्या मुलीचे लक्ष आमच्याकडे गेले असावे. तिने मला सरळच विचारले, "तुमचे मत काय? दिवाळीपूर्वी होईल?" माझ्या तोंडून निघाले, "आम्ही प्रयत्नांची शिकस्त करू."

चहाच्या वेळी तो अबोल तंत्रज्ञ पेला हातात घेऊन माझ्यापाशी आला आणि अगदी घरच्या मराठीत म्हणाला, "अहो, जरा पाणी द्याल का? जिलबी फार गोड झाली."

माझ्या कानशिलांना चटका बसल्यासारखे झाले. मी कसेबसे म्हटले, "आपण मराठी?" ते म्हणाले, "मूळ अलिबाग तालुक्यातले. वडील मुंबईला गिरणीत होते. १९६० साली आम्ही तिकडे गेलो, तेव्हा मी अठरा वर्षांचा." मघाचे आमचे बोलणे त्यांनी ऐकले असणारच. पण त्याविषयी ते एक अक्षर बोलले नाहीत आणि मीही काही विचारले नाही. पाण्याचा पेला मात्र मी दोन्ही हातांनी दिला.

हे गृहस्थ बेने इस्रायल होते. आपल्या कुलाबा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या रायगडात, ही मंडळी कित्येक शतके राहत आली. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून त्यांचे पूर्वज वाचले, त्यांत सात पुरुष आणि सात स्त्रिया होत्या, अशी त्यांची परंपरागत कथा आहे. नवगावला त्यांचे जुने दफनस्थानही आहे. गावोगाव ते तेलाचा घाणा चालवीत, आणि शनिवार हा त्यांचा विसाव्याचा दिवस असल्याने त्या दिवशी घाणा बंद ठेवीत. म्हणून लोक त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. नवगावकर, पेणकर, दिवेकर, रोहेकर, किहीमकर अशी त्यांची आडनावे आहेत. मुंबईत सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी १७९६ साली बांधलेले प्रार्थनामंदिर अजून उभे आहे. हे लोक प्रार्थनामंदिराला 'मशीद'च म्हणत, आणि मस्जिद बंदर स्टेशनाचे नाव त्यावरूनच पडले असे सांगतात. १८८० च्या सुमारास बायबलातल्या कथांवर त्यांनी मराठीत कीर्तनेही सुरू केली. संस्थानी कारभारही त्यांना परका नव्हता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शालोम बापूजी इस्रायल हे जंजिऱ्याचे कारभारी होते. म्हणजे पान-सुपारी, मुजरा, 'आपण' आणि 'हुजूर' हे सारे त्यांच्या अंगवळणी पडलेले. १९४८ नंतर यांतले बहुतेक लोक हळूहळू इस्रायलला गेले. भारतातून गेलेल्या सर्व यहुद्यांची तेथील संख्या आज ऐंशी हजारांच्या पुढे धरतात. तीत मोठा वाटा याच मराठी मंडळींचा आहे.

दुसऱ्या दिवशी निमाडातली शेते पाहायला जायचे होते. मानपूरचा घाट उतरून खलघाटचा नर्मदेचा पूल येईपर्यंत जीपमध्ये मागच्या बाकावर आम्ही दोघेच होतो. आग्रा-मुंबई रस्त्याने जाताना ते आपली हकीकत सांगत राहिले.

त्यांचे वडील दिमोना या वाळवंटातल्या नव्या गावी सूतगिरणीत लागले. मुंबईच्या गिरणीत जॉबरला 'साहेब' म्हणायची सवय. तेथे पहिल्याच दिवशी त्यांनी फोरमनला 'अदोनी', म्हणजे 'महाराज' म्हणावे तशी, हाक मारली. फोरमन हसला आणि म्हणाला, "मला नाव आहे." पण वरिष्ठाला नावाने हाक मारणे वडिलांच्या जिभेला जमेना. मग त्यांनी उपाय काढला. फोरमनशी काम असले की ते त्याच्यासमोर जाऊन नुसते उभे राहत आणि त्याचे लक्ष जाईपर्यंत वाट पाहत. "आमची आई वडिलांना नावाने हाक मारीत नसे, तसेच ते फोरमनशी वागत," असे सांगून ते स्वतःच हसले.

हिब्रू भाषेत आपल्यासारखे 'तू', 'तुम्ही' आणि 'आपण' असे तीन जिने नाहीत. पुरुषाला 'अता', स्त्रीला 'अत्त' म्हणायचे, मग समोर शिपाई असो की पंतप्रधान. त्यांच्या पंतप्रधानबाई गोल्डा मेईर यांना सारा देश नुसते 'गोल्डा' म्हणे. त्याला एक कारण सैन्यही आहे. अठराव्या वर्षी बहुतेक मुला-मुलींना लष्करात जावे लागते आणि पुढे अनेक पुरुषांना वर्षातले काही दिवस राखीव सेवेसाठी बोलावतात. तिला 'मिलुइम' म्हणतात. कारखान्यातला कनिष्ठ कारकून तेथे अंमलदार असू शकतो आणि त्याचाच संचालक त्याच्या हाताखालचा साधा शिपाई. उन्हात एकाच डब्यातून पाणी पिऊन परत आलेली माणसे कचेरीत एकमेकांपुढे फार वाकत नाहीत. किब्बुत्झची शिकवणही तशीच होती. पहिली वसाहत, देगानिया, १९१० सालची. तेथे भोजनशाळेत ताटे घासायची पाळी सर्वांवर येई. काल वसाहतीचा चिटणीस असलेला माणूस आज गोठ्यात दिसे.

तोंडावर स्पष्ट बोलण्याला तिकडे 'दुगरी' म्हणतात. शब्द मूळचा तुर्की, अरबीतून हिब्रूत आला. तामार कात्रिएल या विदुषीने १९८६ साली या एका शब्दावर अख्खे पुस्तक लिहिले. अरबीत दुगरी म्हणजे जे घडले ते न लपवता सांगणे. हिब्रूत त्याचा अर्थ, मनात जे मत आहे ते समोरच्याला न रुचले तरी सांगणे. त्यामागचा विचार असा की, समोरचा माणूस सत्य पेलण्याइतका समर्थ आहे असे मी मानतो, म्हणूनच त्याच्याशी असे बोलतो. आपण नेमके उलट धरून चालतो: त्याला लागेल, म्हणून सांगू नये. 'तखलेस' हाही तिकडचा नेहमीचा शब्द. म्हणजे प्रस्तावना पुरे, मुद्द्याचे बोला. सांगितले तेवढेच करणाऱ्या नोकराला ते 'रोश कातान', म्हणजे 'लहान डोके' म्हणतात. न सांगता पुढचे पाहणाऱ्याला 'रोश गादोल', 'मोठे डोके'. आपल्याकडे 'सांगितले तेवढे कर' ही ताकीद असते. तिकडे तो ठपका ठरतो.

व्यवहाराच्याही काही गोष्टी त्यांनी सांगितल्या, त्या इस्रायलशी पत्रव्यवहार करणाऱ्यांना आजही उपयोगी पडतील. त्यांचा कामाचा आठवडा रविवारी सुरू होतो आणि बहुधा गुरुवारी संपतो. शुक्रवारी सूर्य मावळला की शब्बात लागते आणि शनिवारी संध्याकाळी तारे दिसेपर्यंत काम नाही. म्हणून शुक्रवारी दुपारी पाठवलेल्या पत्राचे उत्तर आले नाही तर राग मानू नये, आणि रविवारी सकाळी नवाला त्यांचा फोन आला तर हा काय शिष्टाचार म्हणून कपाळाला आठ्या घालू नयेत. तुमचा पगार किती, घर स्वतःचे की भाड्याचे, मूल का नाही, हे प्रश्न ते पहिल्या भेटीत विचारतात. या बाबतीत मात्र आपले इंदूरकर त्यांना हार जाणार नाहीत! तुम्ही बोलत असता ते मध्येच तोडून बोलले, तर तुमच्या बोलण्यात त्यांना रस आहे असे समजावे. ते शांत बसून 'हं, हं' करू लागले, की मामला बिघडला.

याचा अर्थ तिकडे सगळे सोन्याचे आहे असे नव्हे. 'यिहिये बेसेदेर', म्हणजे 'होईल हो सगळे ठीक', हा शब्दप्रयोग त्यांच्याही ओठावर असतो. आपल्या 'हो जाएगा'चा तो सख्खा भाऊ. पंतप्रधान यित्झाक राबिन यांनी १९९२ साली लष्करी अधिकाऱ्यांपुढे केलेल्या भाषणात या वृत्तीवर कोरडे ओढले होते. १९७३ च्या युद्धात बेसावध सापडल्यावर त्यांच्या लष्करी हेरखात्याने एक निराळाच विभाग काढला. बाकीचे सारे जे म्हणतील त्याच्या उलट बाजू मांडणे, एवढेच त्याचे काम. त्याला त्यांच्या धर्मग्रंथातले 'इपखा मिस्तब्रा', म्हणजे 'याच्या उलटच संभवते', हे नाव आहे. आणि तरीसुद्धा ७ ऑक्टोबर २०२३ च्या हल्ल्यापूर्वी सीमेवर टेहळणी करणाऱ्या तरुण मुलींनी दिलेल्या सूचना वरिष्ठांनी मनावर घेतल्या नव्हत्या, असे पुढे उघड झाले. बोलणारे असले तरी ऐकणारे लागतात, हे त्या देशालाही फार महाग पडून कळले.

बोलण्याची ही रीत बेने इस्रायल मंडळींना कशी मानवली, असे मी विचारले. ते बराच वेळ बाहेर पाहत राहिले. मग म्हणाले, "सुरुवातीला नाहीच. आमच्या लोकांना वाटे, नम्रतेने रांगेत उभे राहिले की आपली पाळी येईल. पाळी येत नसे. ओरडणारा पुढे जाई." १९५२ साली काही बेने इस्रायल कुटुंबांनी आम्हांला परत पाठवा म्हणून धरणे धरले आणि शंभरावर माणसे खरोखरीच मुंबईला परतली. त्यांतली पुष्कळशी पुढे पुन्हा इस्रायलला गेली, हा भाग वेगळा. खरा घाव नंतर बसला. १९६२ साली तेथील मुख्य धर्मपीठाने फर्मान काढले की, बेने इस्रायलांपैकी कोणाला इतर यहुद्यांशी लग्न करायचे असेल, तर त्याच्या पूर्वजांची मागल्या पिढ्यांपर्यंत चौकशी व्हावी. ज्यांनी कोकणात शतकानुशतके शनिवार पाळला, त्यांना आपण यहुदी असल्याचा पुरावा देण्याची पाळी आली.

तेव्हा ही मृदू बोलणारी माणसे रस्त्यावर आली. १९६४ च्या उन्हाळ्यात बायकामुलांसह त्यांनी जेरुसलेममध्ये ठिय्या दिला. आमचे हे गृहस्थ तेव्हा बावीस वर्षांचे. ते तेथे होते. वडीलही होते, गिरणीतून रजा काढून आलेले. ज्या वडिलांना फोरमनला नावाने हाक मारवेना, त्यांनी त्या दिवशी एका सरकारी अधिकाऱ्याला हात धरून थांबवले आणि मोडक्यातोडक्या हिब्रूत म्हटले, "तू माझे ऐकून घेतल्याशिवाय जायचे नाही." हे सांगताना त्यांचा आवाज थोडा बदलला. १७ ऑगस्ट १९६४ रोजी तेथील संसदेने, क्नेसेतने, बेने इस्रायल हे सर्वार्थाने यहुदी आहेत असा ठराव केला आणि धर्मपीठाला त्या फर्मानातून त्यांचा वेगळा उल्लेख काढावा लागला. "घरी आल्यावर वडील दोन दिवस कोणाशी बोलले नाहीत," ते म्हणाले. "आपण उद्धटपणा केला, असे त्यांना वाटत होते."

मंडळी परत गेली. दिवाळी आली आणि गेली. साचे राजकोटहून मार्गशीर्षात आले. गाळण्यांअभावी त्या कंपनीचा निमाडातला हंगाम हुकला आणि त्यांनी करार मोडला. शेठजींनी त्या कामासाठी नवे यंत्र कर्जाने घेतले होते. पुढल्या उन्हाळ्यात सात कामगार कमी करावे लागले. त्यांची नावे मला पाठ आहेत. मी त्या दिवशी 'संक्रांतीपर्यंत' एवढे एक वाक्य बोललो असतो तर काय झाले असते? शेठजी चार दिवस माझ्याशी बोलले नसते, इतकेच.

त्यानंतर महिन्याभराने दिमोनाहून एक पत्र आले. अक्षर वळणदार, मुंबईच्या शाळेतले. त्यांनी लिहिले होते की, त्या दिवशी तुमचे बोलणे मी ऐकले होते. आमच्या संचालकांना मी ते सांगितले असते तर त्यांनी करार दोन महिने पुढे ढकलला असता, मोडला नसता. सदतीस वर्षे या देशात काढली, भल्याभल्यांना तोंडावर चूक दाखवली. पण तुमच्या शेठजींनी नारळ हाती दिलेला, आणि समोर मराठी बोलणारी माणसे. त्या खोलीत शिरलो आणि माझी जीभ पुन्हा अलिबागची झाली. तुमच्या शेठजींची मान खाली जाईल म्हणून मी गप्प राहिलो. आमच्याकडे याचा जाब मला विचारला, तेव्हा मी सारे खरे सांगितले. तुम्हीही कोणाला तरी खरे सांगा.

आपल्याकडे म्हण आहे, भीड भिकेची बहीण. ती म्हण मी लहानपणापासून ऐकत आलो होतो, पण ती आपल्या सभ्यतेविषयी असेल असे कधी मनात आले नव्हते. रामशास्त्री प्रभुण्यांनी नारायणराव पेशव्यांच्या खुनाबद्दल राघोबादादांना तोंडावर दोषी ठरवले आणि पुणे सोडले, ही गोष्ट आपण मुलांना अभिमानाने सांगतो. आपल्या शास्त्रपरंपरेत प्रतिपक्षाचे म्हणणे आधी पूर्वपक्ष म्हणून नीट मांडावे लागते, मगच आपला सिद्धांत. म्हणजे स्पष्ट बोलणे आणि विरोध ऐकून घेणे हे आपल्याला परके कधीच नव्हते. ते आपण ग्रंथांत आणि गोष्टींत ठेवले, कचेरीत आणले नाही.

त्या पत्रानंतर मी शेठजींकडे गेलो आणि सारे सांगितले. ते रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "तेव्हाच का नाही बोललात?" आणि पुढे स्वतःच म्हणाले, "बोलला असता तर मी ऐकले असते का, कोण जाणे." त्यानंतर कारखान्यात आम्ही एक पद्धत सुरू केली. तीही त्याच गृहस्थांनी एका पत्रात सुचवलेली. यहुद्यांच्या प्राचीन न्यायसभेत देहदंडाचा खटला असला की सर्वांत कनिष्ठ न्यायाधीशाने मत आधी द्यायचे, म्हणजे वडिलांचे मत ऐकून त्याची जीभ अडखळू नये, असा दंडक होता. आमच्या सोमवारच्या बैठकीत सर्वांत नवा मुलगा आधी बोलू लागला आणि शेठजी सर्वांत शेवटी. पहिले काही सोमवार कोणीच काही बोलले नाही. मग एका शिकाऊ मुलाने रंगाच्या पिंपांचा हिशेब चुकला आहे असे सांगितले. हिशेब मी केलेला होता. मला राग आला, हे कबूल करतो; पण चूक होती.

इस्रायलशी मराठी मुलखाचा व्यवहार पुढे पुष्कळ वाढला. जळगावच्या जैन इरिगेशनने तेथील नानदान कंपनीत २००७ साली निम्मा आणि २०१२ साली उरलेला हिस्सा घेतला. २०२३ साली तो आंतरराष्ट्रीय व्यवसाय रिव्युलिस या दुसऱ्या इस्रायली कंपनीत मिळाला. खानदेशी आणि इस्रायली माणसे इतकी वर्षे एका टेबलाशी बसली, तेव्हा 'बघू' आणि 'तखलेस' यांची गाठ तेथेही पडली असेलच.

आमचा पत्रव्यवहार मात्र टिकला. तिकडे 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिक बेने इस्रायल मंडळींनी १९८० च्या दशकात सुरू केले. त्याचे अंक ते मला पाठवीत. अंक चाळताना एक गोष्ट मनात येई. शनिवारी दाराशी आलेल्या गिऱ्हाइकाला 'आज घाणा बंद' असे कोकणातल्या या भिडस्त माणसांनी शतकानुशतके सांगितले. पाटील येवो की खोत येवो, आठवड्यातून एकदा ते 'नाही' म्हणत, आणि गावाने त्यांना नाव दिले ते त्या नकारावरूनच. त्या नकाराने कोणाचा अपमान झाला असे काही ऐकिवात नाही. गिऱ्हाईक रविवारी येई आणि तेल नेई.

काही वर्षांपूर्वी त्यांनी नातवाच्या लग्नाचे बोलावणे धाडले. आदल्या दिवशी मलिदा होता. पोहे, गूळ, खोबरे आणि फळे घालून एलियाहू पैगंबराच्या नावाने करतात तो. मी कागद घेतला आणि सवयीने लिहिले, 'येण्याचा प्रयत्न करतो.' मग तो कागद फाडला आणि दुसऱ्यावर लिहिले की, येणे होणार नाही, गुडघे साथ देत नाहीत आणि एवढा खर्चही झेपणारा नाही, वधूवरांस आशीर्वाद.

त्यांचे उत्तर आले. लिहिले होते, "स्पष्ट कळवलेत, फार बरे वाटले. तुमचे पान मांडले नाही. पण खरे सांगू का? तुमचे पत्र फोडताना मनात होते की, एकदा कोणीतरी 'बघतो' म्हणावे. इकडे तसे म्हणणारे आता कोणी राहिले नाही."